लाईट सुरू केलीत, तर पुरी करा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर लाईट, म्हणजे किरणोपचार, सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच बायकांचं अंगावरून जाणं थांबतं. मग घरात बोलणं सुरू होतं. आता बरं वाटतंय ना, मग रोज कशाला जायचं? ज्वारी काढणीला आलीय, भाड्याला पैसे नाहीत. चार दिवसांसाठी म्हणून बाई घरी येते आणि उरलेली लाईट राहते ती राहतेच.

असं करू नका. रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नव्हे. या आजारात साधारणपणे पाच आठवडे बाहेरून पंचवीसच्या आसपास बैठका, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन, आणि मग आतून शेक, म्हणजे आतून दिलेली लाईट, असा उपचार असतो. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत आटोपलं पाहिजे. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. आतल्या शेकाची बायकांना लाज वाटते, भीती वाटते, आणि नेमका तोच टाळला जातो. मूळ गाठीवर सगळ्यात जोराचा मारा त्याचाच असतो.

ते सलाईन कशाला, असंही विचारतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात पुढच्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुसत्या लाईटवर पाच वर्षांनी शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या, सोबत सलाईन घेतलेल्यांतल्या ५४. शंभरामागे आठ आया जास्त, हा काही लहान हिशेब नाही.

आता जायचं कुठे? आपल्याकडे कर्करोग म्हटलं की ‘मुंबईला न्या’. काही आजारांत ते खरंच लागतं, पण सरसकट नाही. टाटाबाहेर परळच्या फुटपाथवर महिना-महिना काढणाऱ्या कितीतरी कुटुंबांना त्यांच्या भागातच लाईट मिळाली असती. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय. देशभरातली कर्करोग रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेली आहेत, ती उपचाराची सामाईक मार्गदर्शक तत्त्वं वापरतात. परदेशी यंत्रं परवडेनात, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं यंत्र इथेच घडवलं. निदान मोठ्या शहरात झालं असलं, तरी डॉक्टरांना सरळ विचारा : ही लाईट आमच्या गावाजवळ घेता येईल का?

दुसरा प्रश्न बैठकांचा. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी पाच आठवडे लाईट चालायची, आता बऱ्याच जणींना तीन आठवडे पुरतात. ब्रिटनमधल्या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की निवडक रुग्णांत एका आठवड्यातल्या पाच बैठकाही तीन आठवड्यांइतक्याच गुणकारी ठरतात. रोग हाडात उतरून दुखत असेल, तर अनेकदा एकाच बैठकीने आराम पडतो. हे सगळ्यांना लागू नाही, आणि ठरलेल्या बैठका आपल्या मनाने कमी करणं म्हणजे संशोधन नव्हे! पण विचारायला काय हरकत आहे?

कधी डॉक्टरच ‘अभ्यासात भाग घ्याल का’ असं विचारतील. ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून लगेच उठू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचा उपचार तुम्हाला मिळालाच पाहिजे. पटलं तर मात्र जरूर सही करा. वरच्या त्या ८५० बायकांनी केली होती.

उपचार चालू असताना अंगावर शाईच्या खुणा असतात, किरण कुठे पडायचे ते त्यांवरून ठरतं. त्या घासून काढू नका. पुसट झाल्या तर स्वतः पेनाने गिरवू नका, तंत्रज्ञाला सांगा. लाईटच्या जागी हळद, बाम, तेल काही लावायचं नाही. सुती, सैल कपडे घाला. आणि बाहेरून लाईट घेतलेल्या आजीच्या मांडीवर नातू खुशाल बसू द्या. तिच्या अंगातून किरण निघत नाहीत, हे शेजारणीलाही सांगा.

पैशांचं पहिल्याच दिवशी बघा, तिसऱ्या आठवड्यात नव्हे. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. या योजनेत किरणोपचारही येतात. रेल्वेच्या सवलतीचा अर्ज रुग्णालयाकडूनच भरून घ्या. घरचं कुणी आज लाईट अर्धी सोडून बसलं असेल, तर उद्या सकाळीच त्याच विभागात परत घेऊन जा. ओरडा बसेल या भीतीने थांबू नका, आधी डॉक्टरांना किती दिवस चुकले ते खरं सांगा.