आठ सेकंदांचा सूर आणि त्याची डिजिटल नक्कल

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या १९६७ सालच्या गाण्याच्या आरंभी जी बासरी ऐकू येते, ती त्या वेळी स्टुडिओत कोणी फुंकत नव्हते. टेपवर आधीच मुद्रित केलेले बासरीचे सूर पॉल मॅकार्टनी यांनी मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डवरून वाजवले होते. तोच सूर आज संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून, सुटसुटीत डिजिटल कीबोर्डमधून, इतकेच काय गिटारला जोडायच्या पेडलमधूनही मिळतो. पन्नास किलोंहून जड यंत्र हलवण्याची गरज उरलेली नाही. मग मूळ यंत्रे दुरुस्त करत बसणे ही नुसती हौस म्हणायची का? तसे म्हणण्यापूर्वी टेप कशी चालते आणि कान काय ऐकतो, हे पाहावे लागते.

मेलोट्रॉनचे मूळ अमेरिकेत आहे. हॅरी चेंबरलिन यांचे टेपवर चालणारे कीबोर्ड एका विक्रेत्याने १९६२ मध्ये इंग्लंडला नेले आणि बर्मिंगहॅमजवळच्या ब्रॅडली बंधूंनी त्यावरून पुढच्याच वर्षी मेलोट्रॉन तयार केले. म्हणजे आज ज्याची नक्कल होते, ते वाद्यही एका अर्थी नक्कलच होते! १९७० मध्ये आलेल्या ‘एम ४००’ या मॉडेलला ३५ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली स्वतंत्र टेप. पट्टी दाबली की रबरी चाक टेपला फिरत्या दांड्यावर दाबते आणि टेप हेडवरून सरकू लागते. बोट उचलले की स्प्रिंग तिला ओढून जागेवर आणते. टेपची दोन्ही टोके जोडलेली नसतात. साधारण आठ सेकंदांत ती संपते आणि सूर तुटतो.

सगळ्या टेपा ओढायला मोटर एकच. एकदम अनेक पट्ट्या दाबल्या की तिच्यावर ताण येतो आणि सूर किंचित उतरतो. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणे रेंगाळायचे, त्याचाच हा सौम्य प्रकार. शिवाय टेपच्या वेगात बारीक थरथर असतेच. सेकंदाला चारेक वेळा होणारा स्वराचा चढउतार माणसाच्या कानाला सर्वाधिक जाणवतो, म्हणून टेपयंत्रांचा दोष मोजताना त्याच गतीच्या थरथरीला सर्वांत जास्त महत्त्व दिले जाते. पण गायकाच्या किंवा व्हायोलिनवादकाच्या सुरातला कंपही सेकंदाला पाच-सात वेळांचा, म्हणजे याच्या जवळपासचाच असतो. यंत्राचा दोष आणि सुराचा जिवंतपणा यांच्यात अंतर थोडेच आहे. त्यात प्रत्येक पट्टीची टेप वेगळी, तिची थरथर वेगळी. त्यामुळे तीन पट्ट्या दाबल्या की तीन माणसे वाजवत असल्यासारखे वाटते.

जुन्या सॅम्पलरमध्ये मेमरी तुटपुंजी असे. मोजकेच सूर मुद्रित करून तेच वरखाली ताणले जात आणि ही मौज निघून जाई. आता प्रत्येक टेप स्वतंत्रपणे, पूर्ण लांबीची साठवता येते. तयार गाण्यात अशी नक्कल बहुतेकांना ओळखता येणार नाही, हे मान्य करायला हवे. तरी ती नक्कल एका यंत्राची, एका दिवसाची असते. तीच पट्टी दहा वेळा दाबली तर तीच थरथर दहा वेळा ऐकू येते. खऱ्या यंत्रात बोटाचा दाब, मोटरवरचा ताण आणि टेप कुठवर परतली आहे यानुसार दर वेळी काहीतरी बदलते. सॉफ्टवेअर अशी अनियमितता वरून मिसळू शकते, पण ती किती मिसळायची हे कोणीतरी कानाने ठरवतो. ते बरोबर ठरले की नाही, हे ताडून पाहायला चालू स्थितीतले मूळ यंत्रच लागते.

आठ सेकंदांची मर्यादा तर डिजिटल वाद्यात सहज काढता येते. मूळ वाद्यावर मात्र टेप संपण्याआधी बोटे दुसऱ्या पट्ट्यांवर न्यावीच लागत, आणि वादकांनी आपल्या सुरावटी त्या बेताने बसवल्या. मर्यादा काढली की वाजवण्याची ती रीतही सुटते.

दुसरीकडे, टेप टिकाऊ नाही. ती वापराने झिजते. अनेक जुन्या टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा थर हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. अशी टेप पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास तापवली, तर काही काळ वाजवता येते. तेवढ्या अवधीत तिची प्रत करून घ्यावी लागते. म्हणूनच डिजिटल रूपांतराला नाके मुरडण्यात अर्थ नाही. तोच आता बचावाचा मार्ग आहे. खबरदारी घ्यायची ती रूपांतराच्या वेळी. खरखर आणि थरथर काढून टाकलेली गोंडस प्रत विकायला सोपी असते. पण आधी टेप जशी वाजते तशी, काहीही न पुसता उतरवून घ्यायला हवी, कारण ती दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते.