घसा जपा, आवाज कमवा

फोन वाजतो. गॅसची टाकी नोंदवायची असते, बँकेची काही चौकशी असते, नाहीतर घरमालकाला भाड्याचं सांगायचं असतं. ती म्हणते, "हॅलो, मी बोलतेय." पलीकडून उत्तर येतं, "हां, बोला दादा."

समोर उभी असली तर तिची साडी, केस, कपाळावरची टिकली लोकांना दिसते. फोनवर यातलं काहीच पोचत नाही. पोचतो तो फक्त आवाज, आणि तो वयात येताना तिला न विचारता बदललेला असतो. कितीतरी पारलिंगी स्त्रिया यामुळे फोन घेणंच सोडून देतात. एसटीत नोट पुढे करून गावाचं नाव पुटपुटतात. दवाखान्यात नंबर पुकारला तर बोलायच्या ऐवजी हात वर करतात. बोलणं टाळता टाळता माणूसच मागे मागे सरकत जातो.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी हे जास्त जड जातं. मोठ्या शहराच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. इथे किराणा दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत सगळे ओळखीचे. आपल्या बोलीत "काय करलालीस गं?" आणि "काय करलालास रे?" यांत फरक एवढासा, पण ज्या बाईला रोज दुसरं ऐकावं लागतं तिला तो फरक विचारा. तिच्यासाठी, तिच्या घरच्यांसाठी आणि तिच्याशी रोज बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हे आवाहन आहे.

पहिली गोष्ट बहिणींना सांगायची, ती ही की आवाज कमावता येतो. हा शब्द आपल्याला नवा नाही. कीर्तनकाराचा आवाज कमावलेला असतो. नवरात्रात रात्र रात्र तुळजाभवानीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचा गळा कमावलेला असतो. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी 1911 मध्ये 'मानापमान'ची भामिनी, 1916 मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी आणि 1919 मध्ये 'एकच प्याला'ची सिंधू उभी केली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने तो आवाज डोक्यावर घेतला. बालगंधर्व नट होते, रंग उतरवून घरी जात होते. तुम्ही नाटक करत नाही, तुम्हाला तुमच्याच आयुष्यात बोलायचं आहे. पण पुरुषाच्या गळ्यातून स्त्रीचं बोलणं मेहनतीने घडवता येतं, हे शंभर वर्षांपूर्वी याच भाषेत सिद्ध झालं आहे. कमावलेला आवाज खोटा असतो असं आपण कुठल्याच गायकाला म्हणत नाही. तुम्हालाही कुणी म्हणू नये, आणि कुणी म्हटलंच तर मनावर घेऊ नका.

आता आवाज जाड का होतो ते समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. मुलगा वयात येतो तेव्हा टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. जाड तार सावकाश हलते, म्हणून सूर खाली जातो. पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, स्त्रीच्या बोलण्यात साधारण 180 ते 220 वेळा. पेटीवर मोजलं तर हे अंतर एका सप्तकाहून थोडं कमी भरतं.

एकदा जाड झालेले स्वरतंतू गोळ्यांनी बारीक होत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा. इस्ट्रोजेनने त्वचा बदलते, छाती भरते, आवाज मात्र तिथेच राहतो. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून मनाने घेणाऱ्या बहिणींना कळकळीची विनंती आहे, आवाजासाठी तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही, आणि डॉक्टरांशिवाय घेतल्या तर शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे. संप्रेरकं घ्यायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करूनच घ्या.

मग बदलतं काय? बदलतो तो गळ्याचा वापर. सूर वर नेणं हा त्यातला एकच भाग आहे, आणि बहुतेकजणी तिथेच चुकतात. नुसता सूर चढवला की आवाज पिपाणीसारखा ताणलेला येतो आणि ऐकणाऱ्याला तो खोटा वाटतो. खरा फरक घुमाऱ्यात आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषांत साधारण 17 सेंटिमीटर असते, स्त्रियांत साधारण 14. घागर मोठी तर घुमणं जाड, तांब्या लहान तर घुमणं बारीक. ही पोकळी सरावाने लहान करता येते. जीभ थोडी पुढे येते, आवाज छातीतून निघून तोंडाच्या पुढच्या भागात घुमायला लागतो. सूर सेकंदाला 160-170 कंपनांच्या आसपास पोचला आणि घुमारा बदलला, तर ऐकणाऱ्याच्या कानाला बाईचा आवाज जाणवू लागतो. तिसरा भाग आवाजाच्या वजनाचा, म्हणजे दाबून न बोलता हलक्या गळ्याने बोलण्याचा. चौथा बोलण्याच्या चालीचा, वाक्यात सूर कुठे चढतो, कुठे उतरतो याचा.

सुरुवात अशी करा. ग्लासात पाणी घ्या, त्यात नळी दोन बोटं बुडवा आणि नळीतून "ऊ" असा आवाज काढत बुडबुडे सोडा. गळ्यावर ताण न येता स्वरतंतू मोकळे होतात. मग तोंड मिटून "म्‌" असं गुणगुणा. ओठांना आणि नाकाला झिणझिण्या जाणवल्या पाहिजेत. तेच गुणगुणणं सावकाश वर न्या, सावकाश खाली आणा. मग कुजबुजत "हा" म्हणा, आधी मोठ्या कुत्र्याच्या धापेसारखं, नंतर लहान पिल्लाच्या धापेसारखं. पिल्लाच्या धापेत गळा आतून लहान झाल्याचं जाणवेल. ती जागा ओळखीची करून घ्या, पण गळा आवळून धरू नका. तिथून एकेक अक्षर, मग शब्द, मग एक ते वीस आकडे, मग वर्तमानपत्रातला एक परिच्छेद. एकदा दहा मिनिटं, असं दिवसातून तीन-चार वेळा पुरे. सलग दोन तास घसा फोडून काही साधत नाही.

भाड्याच्या खोलीत भिंती पातळ असतात, शेजारी काय म्हणतील याची भीती असते. गुणगुणणं आणि नळीचा सराव हळू आवाजातच करायचा असतो, तो दार लावून होतो. मोठ्याने वाचायचं असेल तेव्हा रानात, गच्चीवर, कुठे बरं वाटेल तिथे जा. मोबाइलवर स्वतःचा आवाज टिपून ठेवा, आठवड्यातून एकदा ऐका. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकून वाईट वाटेल, सगळ्यांनाच वाटतं. महिन्यापूर्वीचा आणि आजचा शेजारी शेजारी ऐकलात की प्रगती तुमची तुम्हालाच कळेल. सूर दाखवणारी फुकट अ‍ॅपही मिळतात. या कामाला आठवडे लागत नाहीत, महिने लागतात. काहींना वर्षही लागतं. हसणं, खोकणं, अचानक हाक मारणं या गोष्टी सगळ्यांत शेवटी बदलतात, त्यामुळे मधेच जुना आवाज निसटला तर हार मानू नका.

घसा जपणं हा या साधनेचा अर्धा भाग आहे. गुटखा, तंबाखू, मिश्री, बिडी आणि दारू यांनी स्वरतंतू सुजतात. दिवसभर बाजारात, रेल्वेत मागायला फिरून ओरडून बोलावं लागत असेल तर संध्याकाळी घशाला विश्रांती द्या, त्या दिवशी सराव हलका ठेवा. पाणी भरपूर प्या. सराव करताना दुखलं की तिथेच थांबा. दुखणं म्हणजे पद्धत चुकतेय. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, गिळताना त्रास झाला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सराव बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

खरं तर सुरुवात करण्याआधीच एकदा घसा तपासून घ्यावा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे जाऊन सरळ सांगा, "मला बाईसारखं बोलायचा सराव करायचा आहे, आधी माझे स्वरतंतू बघा आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवा." लाजायचं कारण नाही. पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2022 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रातली सरकारी संस्था आहे. तिचं एक केंद्र सिकंदराबादला आहे, आणि निलंग्याहून ते मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ पडतं. म्हैसूरला 1965 पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. एकदा प्रत्यक्ष भेट झाली की पुढचे धडे मोबाइलवर व्हिडिओ कॉलने घेता येतील का, हे थेरपिस्टला जरूर विचारा. फक्त त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेवढं पाहून घ्या.

पुणे आणि कल्याणला पारलिंगी व्यक्तींसाठी 'मित्र' नावाचे दवाखाने सुरू झाले होते. परदेशी निधी थांबल्यावर 2025 मध्ये ते बंद पडले. त्यामुळे खास आपल्यासाठी दवाखाना उघडेल तेव्हा जाऊ, असं म्हणून थांबू नका. आहे त्या सरकारी ओपीडीत जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या नाल्सा खटल्यात निकाल दिला. त्या खटल्यात महाराष्ट्रातल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींनीही बाजू मांडली होती. त्यानंतर 2019 मध्ये या हक्कांचा कायदा आला. त्याच्या 15 व्या कलमात शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार, लेझर उपचार यांची नावं आहेत. आवाजाचं नाव नाही. ते यायला हवं, आणि तोवर सरकारी रुग्णालयातल्या थेरपिस्टनी हे शिकवणं आपलं काम समजायला हवं.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. स्वरतंतूंचा पुढचा भाग जोडून सूर वर नेणारी शस्त्रक्रिया आहे, जर्मनीच्या वेंडलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिने सूर चढतो, घुमारा आणि बोलण्याची चाल बदलत नाही. आवाजाची ताकद कमी होऊ शकते, आणि नंतर सराव करावाच लागतो. म्हणून आधी सराव, मग गरज वाटली तर तज्ज्ञांचा सल्ला. कर्ज काढून, दलालाच्या सांगण्यावरून कुठेही गळा कापून घेऊ नका.

हेही सांगायला हवं की हा सराव सक्तीचा नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या दुखण्यानंतर भरदार, जाड झाला आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. जाड आवाजाच्या बायका आपल्या गल्लीगल्लीत आहेत. गौरी सावंत, दिशा पिंकी शेख या पारलिंगी स्त्रियांनी आपापल्या आवाजात व्यासपीठावरून आपलं म्हणणं मांडलं आहे. सूर खाली असला म्हणून कुणाचं बाईपण कमी होत नाही. फोनवर सुखाने बोलता यावं, रस्त्यात त्रास कमी व्हावा, आतलं आणि बाहेरचं जुळावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही वाट आहे.

आता आई-वडिलांना. पोर खोलीत गुणगुणत असेल, आरशापुढे वाचत असेल, तर दार वाजवून थांबवू नका. ती काही वाईट करत नाही, ती बोलायला शिकतेय. गुरूंना आणि डेऱ्यातल्या थोरल्यांना विनंती की नव्या चेलीला सरावासाठी सकाळचा अर्धा तास मोकळा द्या. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी सूर दाखवायला हात दिला तर फार मोठं काम होईल.

दुकानदार, कंडक्टर, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यात नंबर पुकारणारे मामा, तुमच्याकडे मागणं सगळ्यांत सोपं आहे. त्यासाठी काही शिकायला नको, कारण मराठीने ते आधीच शिकवून ठेवलं आहे. इंग्रजीत माणूस "मी बोलतोय" म्हणतोय का "मी बोलतेय", हे कळत नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात कळतं. ती "मी आले होते" म्हणाली, "मी पैसे भरलेत, पावती विसरले" म्हणाली, की तिने आपण कोण आहोत ते सांगून टाकलं. सूर कानाला जाड लागला तरी क्रियापद ऐका आणि त्याला जुळणारी हाक परत द्या. "बोला ताई," "थांबा अक्का, बघते," "कुठे उतरणार मावशी?" एवढंच. शंका वाटली तर नाव विचारा आणि नावाने बोला.

आणि बहिणींनो, उद्या सकाळी नळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसाल तेव्हा सरावाला मोठं वाक्य निवडू नका. रोज लागणारं निवडा. ओठांवर झिणझिणी येईपर्यंत गुणगुणा, गळा मोकळा सोडा आणि हळूच म्हणा, "हॅलो, मी बोलतेय." दुखलं नाही ना? मग पुन्हा म्हणा.