अंगणवाडीत मुलांशी बोलते कोण?

अंगणवाड्यांमध्ये पोषणाबरोबर शिक्षणालाही स्थान मिळावे, या हेतूने केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. लहान वयातील शिक्षण शक्यतो घरच्या भाषेत व्हावे, अशी भूमिका राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्येच घेतली आहे. धोरण पुरेसे स्पष्ट आहे; मात्र प्रत्यक्ष अंगणवाडीत मुलांशी बोलायला वेळ कोणाला आहे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

देशभरातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांमध्ये साधारणतः एक सेविका आणि एक मदतनीस असते. हजेरी, वजन-उंचीच्या नोंदी, आहारवाटप, गृहभेटी आणि २०२१ पासून मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’, यांत सेविकेचा दिवस सरतो. मग मुलांच्या कानी पडतात ती बव्हंशी आज्ञार्थी वाक्ये: बसा, हात धुवा, रांगेत या. घरी आजीजवळ तेच मूल प्रश्न विचारते, हट्ट करते, मनची गोष्ट रचून सांगते. भाषा वाढते ती अशा देवाणघेवाणीतून. बडबडगीत पंचवीस मुलांना एकदम म्हणता येते, संवाद मात्र एकेकाशीच करावा लागतो.

आदिवासी भागात ही अडचण दुहेरी होते. मेळघाटातील अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातील असून मराठीशी तिचे नाते नाही. सेविकेला ती येत नसेल, तर गप्प बसलेले मूल मंद समजले जाण्याचा धोका असतो. सेविका स्थानिक असावी, असा दंडक आहे. परंतु एकाच गावात दोन-तीन भाषा नांदतात, याची दखल त्यात नाही. मदतनीस जेथे मुलांची भाषा जाणते, तेथेही तिचा बराच वेळ चुलीपाशी जातो.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड परिसरातील वारली मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी समाजाने याच वयाच्या मुलांसाठी ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी उभारली. तेथे मुलांशी माओरीत बोलण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे सोपवले गेले.

आपल्याकडेही गावोगावी आज्या आहेत. त्यांना अंगणवाडीत रोज दोन तास बोलावायचे, तर मानधनाची तरतूद करावी लागेल. सेविका आणि मदतनीस यांनाच मानधनवाढीसाठी वारंवार आंदोलने करावी लागली आहेत, हे पाहता ती कितपत होईल, याविषयी शंका वाटते.