रडी कोणास म्हणावे?

खेळ रंगात आला असता हरू लागलेला गडी जेव्हा ‘मी खेळतच नव्हतो’ असे म्हणून आपला शब्द फिरवितो, तेव्हा चहूकडून एकच गलका उठतो : ‘रडी! रडी!’ विटीदांडू असो की गोट्या, मुलांच्या खेळात पंच नसतो. हा एक शब्दच पंचाचे काम करितो. ‘रडीचा डाव’ हा वाक्प्रचार तर थोरांच्या भाषणांतही शिरला आहे.

परंतु बालभाषेने या शब्दाच्या जोडीस एक सोयही ठेविली आहे. गळ्याची शपथ पाळणे अवघड वाटू लागले, तर ‘सुटली म्हण’ अशी विनवणी करिता येते, आणि शपथ घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटले की बंधन संपते. म्हणजे वेळेवर, उघडपणे सुटका मागणारा निराळा आणि डाव अंगावर येताच पळणारा निराळा. रडी तो हा दुसरा.

आपल्या सावरगावात हा भेद विशेष ध्यानी धरावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका तीरावर सावरगाव व दुसऱ्या तीरावर पांढुर्णा उभे राहते, आणि पात्रातील पळसाचा झेंडा हाती येईपर्यंत गोटमार चालते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी दगड थांबले नाहीत. आदल्या संध्याकाळी मित्रांना टाळी देऊन ‘येतो’ म्हणालेला मुलगा सकाळी ‘मी दगड उचलणार नाही’ असे म्हणाला, तर त्यास रडी म्हणावे काय?

माझ्या मते मुळीच म्हणू नये. कुरुक्षेत्रावर शस्त्र न धरण्याचा शब्द दिलेला श्रीकृष्णही अर्जुनाच्या रक्षणासाठी भीष्मांवर धावून गेला. स्वतःची हार चुकविण्यासाठी शब्द मोडणे आणि दुसऱ्याचा जीव राखण्यासाठी तो मोडणे, यांस एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

परंपरेचा अभिमान मलाही आहे. झेंडा उतरला की दगड थांबवावे आणि तो चंडीमातेच्या मंदिरी अर्पण करावा, हा संकेत दोन्ही गावे मानतात. थांबण्याचा शब्द ज्यांस पाळता येतो, त्यांस आरंभच न करण्याचा शब्द देणे अशक्य का असावे?

विद्यार्थिमित्रहो, दिलेला शब्द पाळावा हे खरेच. पण ज्या शब्दाने कोणाचे डोके फुटावयाचे, त्यातून मित्राने सुटका मागितली, तर त्यास चिडवू नका. मोकळ्या मनाने ‘सुटली’ म्हणा.