नोंदणीनंतरची वर्षे

आपल्या वसतिगृहाचा एखादा माजी विद्यार्थी पीएच.डी.ला प्रवेश मिळवितो, तेव्हा आपण त्याला अगत्याने बोलावतो. सामूहिक वंदना झाली की शाल आणि ग्रंथ देऊन त्याचा सत्कार करतो आणि समोर बसलेल्या लहान मुलांना सांगतो, ‘पाहा, हाही तुमच्यासारखाच याच सभागृहात सतरंजीवर बसत होता.’ बारा वर्षांपूर्वी असा सत्कार माझाही झाला. त्यानंतरच्या सात वर्षांत मला भेटणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ‘झाली का?’ काय चालले आहे, कुठे अडले आहे, हे विचारणारे फार थोडे भेटले. या स्मरणिकेच्या निमित्ताने जे मत मी नम्रपणे मांडू इच्छितो, ते या अनुभवातून आले आहे. आपण संशोधकाचा गौरव चुकीच्या वेळी करतो. नोंदणीच्या दिवशी उमेदवाराला हारांची गरज नसते. त्याला माणसांची गरज भासते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि नेमक्या त्या वेळी आपण कोणी तेथे नसतो.

प्रथम एक प्रश्न. आपल्या मुलामुलींनी शिक्षणशास्त्रातच पीएच.डी. का करावी? अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, स्पर्धा परीक्षा या वाटा आपण त्यांना दाखवितो आणि ते योग्यच आहे. शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट मात्र नोकरीत असलेल्यांनी पदोन्नतीसाठी मिळवायची गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. मी नववीत असताना एक संशोधक आपल्या वसतिगृहात प्रश्नावली घेऊन आले होते. ‘येथील भोजनाबाबत मी समाधानी आहे’ अशा स्वरूपाची विधाने होती आणि त्यापुढे खुणा करावयाच्या होत्या. अधीक्षक दाराशी उभे होते. आम्ही सर्वांनी ‘पूर्णतः सहमत’ या रकान्यात खूण केली. ते कागद बांधून गेले आणि पुढे कोणत्या तरी प्रबंधातील एखाद्या तक्त्यात आमचे समाधान टक्केवारीच्या रूपाने नोंदले गेले असेल. ते उत्तर खोटे का होते, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते केवळ संशोधकाला. आश्रमशाळा, वसतिगृह, वस्तीवरची शाळा यांविषयीच्या संशोधनात आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘नमुना’ म्हणून बसलो. आता प्रश्नावली तयार करणारा हात आपला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा अर्थ आतला माणूस आपोआप खरे बोलतो, असा मुळीच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या वसतिगृहातील काही खाटा रिकाम्या राहतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ हे उत्तर मी मनात तयार ठेवूनच सुरुवात केली होती. मग मुलांच्या मागोमाग साखर कारखान्याच्या परिसरातील कोप्यांपर्यंत गेलो. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही पहाटेच फडात जावे लागते. मग धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण हवी असते. ती शिकावी असे तिच्या आईला वाटत होते, आणि माझ्यापेक्षा अधिक तळमळीने वाटत होते. माझे तयार उत्तर त्या कोपीच्या दाराशी गळून पडले. परंपरेने चालत आले म्हणून किंवा आपल्या मताशी जुळते म्हणून काही स्वीकारू नये, ही कालाम सुत्तातील शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती स्वतःच्या मताला लावून पाहणे किती कठीण असते, हे मला प्रबंध लिहिताना कळले.

आता प्रवेशाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर गटातील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम.ए. झालेल्यांनी ही वाट धरावी. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. त्यात ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. मुलाखतीत आपला प्रश्न दोन वाक्यांत सांगता आला नाही तर समजावे, की प्रश्न अजून पिकलेला नाही. मार्गदर्शकांकडील जागा मर्यादित असतात. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणून अर्जापूर्वीच शोधगंगा या संकेतस्थळावर जाऊन त्या त्या मार्गदर्शकाकडे पूर्ण झालेले प्रबंध वाचावेत. कोणता मार्गदर्शक ‘सोपा’ आहे, ही चौकशी करण्यापेक्षा कोणाकडे काम पूर्ण होते, हे पाहणे हिताचे. बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती, अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि नेटमधील कनिष्ठ अधिछात्रवृत्ती यांची माहिती दहावीच्या नव्हे, तरी बी.एड.च्या वर्गात असतानाच आपल्या विद्यार्थ्यांना मिळाली पाहिजे.

परंतु प्रवेश ही तुलनेने सोपी गोष्ट आहे. किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मर्यादा. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना त्याहून दोन वर्षे अधिक. माझी सात वर्षे आजच्या नियमात पुनर्नोंदणीवाचून बसली नसती. पहिल्या वर्षी अभ्यासक्रम असतो, सहाध्यायी असतात, उत्साह असतो. आराखडा मंजूर झाला की माणूस एकटा पडतो. चौथ्या वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले. त्याच महिन्यात माझे तिसरे प्रकरण मार्गदर्शकांनी परत पाठविले. समासात लिहिले होते, ‘ही कणव आहे, विश्लेषण नाही.’ मी वह्या ट्रंकेत घातल्या आणि ट्रंक माळ्यावर टाकली. आठ महिने ती तेथेच होती. शाळेतील वरिष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे ताई म्हणतो, एक दिवस म्हणाल्या, ‘सर, तुमचे शेवटचे दोन तास मी घेते. तुम्ही ग्रंथालयात जाऊन बसा. लिहू नका, नुसते बसा.’ सत्रभर त्यांनी माझे तास घेतले. मार्गदर्शकांचा शेरा बरोबर होता, हे मला तेथे बसल्यावर उमगले. माझा प्रबंध पूर्ण झाला तो त्या दोन तासांमुळे. सत्काराच्या शालीने त्याला काही हातभार लावला, असे मी म्हणू शकत नाही.

आपण ज्यांच्या विद्वत्तेचा वारसा सांगतो, त्यांच्या आयुष्यातही ही मधली वर्षे होती. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान समुद्रात बुडाले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी साहाय्य केले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर प्रदान झाली ती १९२७ मध्ये. आपण जयंतीला पदव्यांची नावे मोजतो. त्या पदव्यांच्या मधल्या काळात कोण पाठीशी उभे राहिले आणि संसाराचा भार रमाईंनी कसा वाहिला, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले पाहिजे.

मधली वर्षे एकट्याने काढावी लागतात, म्हणूनच आडवाटा मोहात पाडतात. आराखड्यापासून प्रबंधापर्यंत सारे ‘करून देणारी’ दुकाने आज अनेक शहरांत आहेत. नावामागे ‘डॉ.’ लागेल, पण ज्या मुलीच्या रिकाम्या खाटेचा तो प्रबंध, तिच्याविषयी जगाला कळलेले काहीच नसेल. उसना प्रबंध ही मी त्या मुलीची फसवणूक समजतो.

तेव्हा संस्थेपुढे माझ्या चार सूचना आहेत. ग्रंथालयाची एक खोली रात्री दहापर्यंत संशोधन करणाऱ्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी खुली असावी. वर्षातून दोनदा त्यांना बोलावून झालेले काम ऐकून घ्यावे, ‘झाली का?’ असे न विचारता ‘काय सापडले?’ असे विचारावे. लेखनाच्या सत्रात संशोधक शिक्षकाचे काही तास इतरांनी वाटून घ्यावेत. चौथी सूचना थोडी अवघड आहे. प्रवेश, हजेरी आणि गळती यांची आपली जुनी दफ्तरे, मुलांची नावे झाकून, अभ्यासकांना पाहू द्यावीत. त्यांतून निघणारे निष्कर्ष प्रत्येक वेळी आपल्या वार्षिक अहवालाशी जुळतीलच असे नाही. माझेही सर्व निष्कर्ष जुळले नाहीत आणि काही ज्येष्ठांना ते रुचले नाहीत, हे मी जाणतो. पण शाळेने स्वतःविषयीचे अप्रिय सत्य स्वतःच्या विद्यार्थ्याकडून ऐकावे, यापेक्षा तिच्या शिकवणुकीची मोठी कसोटी कोणती?

आणि सत्कार? तोही जरूर करावा, परंतु पूर्ततेनंतर. त्या दिवशी शालीऐवजी प्रबंधातील एक प्रकरण, मुलांना समजेल अशा मराठीत, त्याच सभागृहात वाचून घ्यावे. ऐकणाऱ्या मुलांपैकी एखादीने उठून ‘हे असे नाही, सर’ म्हटले, तर पुढील संशोधक आपल्याला तेथेच सापडला असे समजावे, आणि तिला पहिल्या दिवसापासून एकटे पडू देऊ नये.