धुराड्याखालचे गृहस्थ

आमच्या मोहन्यात कुणी खोकला, की माना वळायच्या त्या एन. आर. सी.च्या धुराड्याकडे. आरोपी ठरलेलाच! २००९ साली कारखाना बंद पडला. खोकला मात्र राहिला. मग मी आंबिवली स्टेशनाबाहेरच्या मोटारींना दूषणे देऊ लागलो, तोंडातली सिगारेट क्षणभर बाजूला घेऊन!

डॉ. रिचर्ड डॉल या इंग्रज संशोधकांनाही प्रथम संशय होता मोटारींच्या धुराचा आणि रस्त्यावरच्या डांबराचा. लंडनच्या इस्पितळांतल्या फुप्फुसाच्या कर्करोग्यांची त्यांनी चौकशी केली, तो आरोपी निघाली सिगारेट! १९५० साली निबंध छापून येण्यापूर्वीच गृहस्थांनी स्वतःची सिगारेट सोडली.

मोटारींचा धूर निर्दोष आहे, असे मुळीच नव्हे. तोही फुप्फुसे आणि हृदय पोखरतोच. पण त्यासाठी सरकारशी भांडावे लागते. सिगारेटीसाठी फक्त स्वतःशी.

परवा धाकटीने विचारले, "बाबा, आजी सांगते ते धुराडं तुमच्यासारखंच होतं का?"

कारखाना चालताना तिने कधी पाहिलेला नाही. तिने पाहिले आहे ते मला.

यंदा दिवाळीत तिला 'फटाके नकोत' असे सांगायचे आहे. तेव्हा खिशात पाकीट असून कसे चालेल?