हप्ता कधी येणार?

महिना संपत आला की मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांवर एक मथळा हमखास झळकतो. आधी रोमन लिपीत 'लाडकी बहीण योजना', मग अपूर्णविराम, मग मराठीत 'हप्ता कधी येणार? मोठी अपडेट समोर'. बातमी उघडली की पहिल्या परिच्छेदात कळते, योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. दुसऱ्यात कळते, पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. मग जाहिरात. मग वयाची अट २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पुन्हा जाहिरात. आणि पार तळाशी एक ओळ: तारखेबाबत अद्याप अधिकृत घोषणा झालेली नाही.

ही ओळ सगळ्यात वर हवी होती. ती वर आली तर वाचणारी तिथूनच परत फिरेल, जाहिराती न पाहता. म्हणून ती खाली ढकलली जाते.

मथळ्यातले शब्द कुठून आले ते पाहा. शोधपट्टीत अर्धे वाक्य टाकले की गूगल उरलेले वाक्य सुचवतो. गूगल ट्रेंड्सवर कोणता शब्द चढतो आहे तेही दिसते. हे शब्द बायांनीच विचारलेले असतात. पुष्कळ जणी मोबाइलवर मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून मथळ्याची सुरुवात रोमनमध्ये. यात गैर काही नाही. शासन 'सन्मान निधी' म्हणते, बाई 'हप्ता' म्हणते. मग लिहिणाऱ्याने 'हप्ता'च लिहावे. वाचकाच्या तोंडचा शब्द मथळ्यात घेणे हे चांगल्या पत्रकारितेचेच लक्षण आहे.

गैर आहे ते त्यापुढचे. कीवर्ड म्हणजे कुणीतरी विचारलेला प्रश्न. तो मथळ्यात घेतला, म्हणजे उत्तर आपल्याकडे आहे असे सांगितले. उत्तर नसताना तसे सांगणे याला फसवणूक म्हणतात, आणि ती कुणाची होते हेही पाहायला हवे. हा प्रश्न हौसेने कुणी विचारत नाही. किराण्याची उधारी थांबलेली असते, सिलिंडर संपत आलेला असतो, पोराच्या शाळेची फी द्यायची असते. 'आज जमा होणार' एवढे वाचून बाई तालुक्याच्या बँकेत जाते. पासबुक भरून घेते, त्यात नोंद नसते. एसटीचे भाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. त्या एका क्लिकमधून संकेतस्थळाला जे काही मिळत असेल, त्याची किंमत तिने भरलेली असते. यूट्यूबवर हेच अधिक उघडपणे चालते: थंबनेलवर नोटांचे चित्र, लाल बाण, 'खात्यात पैसे आले', आणि आत दहा मिनिटे जुनीच माहिती.

'गूगललाच असे लागते, आम्ही काय करणार', हे उत्तर संपादकांकडून नेहमी येते. ते खरे नाही. पानाच्या आत लपवलेल्या कीवर्डच्या यादीला क्रमवारीत आपण काहीच महत्त्व देत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. २०२२ मध्ये त्याने लिहिणाऱ्यांना स्वतःला विचारण्यासाठी काही प्रश्न दिले. त्यातला एक असा, की ज्या प्रश्नाला उत्तरच नाही त्याचे उत्तर देण्याचे आश्वासन तुमचा मजकूर देतो का? उदाहरणही दिले: एखाद्या चित्रपटाची तारीख ठरलेली नसताना ती ठरल्याचे सुचवणे. चित्रपटाच्या जागी हप्ता ठेवा. मराठी संकेतस्थळे नेमके हेच महिन्यामागून महिने करत आहेत. गूगलच्या यंत्राने कधी अशा पानाला वर नेले असेल, कधी खाली ढकलले असेल. पण मथळा यंत्र लिहीत नाही, डेस्कवरचा माणूस लिहितो.

आणि उत्तर असलेले प्रश्न काही कमी नाहीत. 'हप्ता आला नाही तर काय करायचे' हेही लोक शोधतात. याला पक्के उत्तर आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खाते अर्जात लिहिलेलेच असेल असे नाही. बाईने कधीकाळी दुसऱ्या बँकेत आधार दिला असेल, तर हप्ता त्या विसरलेल्या खात्यात पडून असू शकतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, कोणती बँक जोडली आहे ते दिसते. चार ओळींचे काम. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले, तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला जाऊ लागला. वडील हयात नसलेल्या विधवेने काय करायचे, हा त्या दिवसांतला खरा प्रश्न होता. तो घेऊन महिला व बालविकास विभागाच्या दारात उभे राहणे हे बातमीदाराचे काम होते. असे पान आज वाचले जाते, सहा महिन्यांनीही वाचले जाते. 'मोठी अपडेट' दुसऱ्या दिवशी शिळी होते, म्हणून ती रोज नव्याने लिहावी लागते.

शासनाचीही यातून सुटका नाही. हप्त्याचा ठरावीक दिवस नसल्यानेच हा बाजार भरतो. महिन्याची एक तारीख ठरवा, आणि ती योजनेच्या अधिकृत पानावर सर्वांत वर, 'हप्ता कधी येणार' याच शब्दांखाली लिहा. हुकली तर तसेही लिहा, नवी तारीख द्या.

तोवर संपादकांना एवढे नक्की करता येईल. घोषणा झालेली नसेल त्या दिवशी मथळा असा द्यावा: 'लाडकी बहीण : हप्त्याची तारीख अजून जाहीर नाही'. कीवर्ड त्यातही आहे. बाईला बातमी न उघडताच कळेल, आज बँकेत जायचे नाही.